आधी मोजा, मग बॅटरी विका

गाडी सकाळी चालू झाली नाही की नगरमध्ये निकाल आधीच लागलेला असतो : बॅटरी गेली. शेजारी सांगतो बॅटरी गेली, दूधवाला सांगतो बॅटरी गेली, फोनवरून मेहुणा सांगतो बॅटरी गेली. मग बॅटरीच्या दुकानात वेगळं काय ऐकायला मिळणार? जुनी काढा, नवी बसवा, साडेपाच हजार द्या. एवढ्या सगळ्यांत मीटर लावणारा एकही माणूस नाही. पैसे मोजले जातात, व्होल्ट कुणी मोजत नाही.

माझ्या बाबतीत हेच झालं. ते सविस्तर लिहितो आहे, कारण हा प्रकार बिलापुरता राहत नाही. रात्रीच्या रस्त्यावर तो जिवाशी येतो.

जानेवारीतली सकाळ, सावेडीत दारात उभी गाडी. सेल मारला तर नुसती टकटक. शेजारच्या गाडीवरून तार जोडून ती कशीबशी चालू केली आणि शहरातल्या एका दुकानात नेली. तिथल्या मुलानं हातातलं छोटं यंत्र बॅटरीला लावलं, चिठ्ठी बाहेर आली, चिठ्ठीवर लिहिलेलं : बदला. दहा मिनिटांत नवी बॅटरी बसली आणि जुनी मोडीत जमा झाली. गाडी चालू असताना ही नवी बॅटरी भरली जाते आहे की नाही, हे बघायला आणखी एकच मिनिट लागलं असतं. ते मिनिट कुणी दिलं नाही.

तीन आठवड्यांनी राहुरीहून परत येत होतो. दिवस मावळलेला. दोन दिवसांपासून समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा मधूनच लागायचा, मधूनच विझायचा. बॅटरी नवी, म्हणून मी तिकडे बघितलंही नाही. या एका समजुतीपायी कितीतरी लोक रस्त्यात अडकतात. तो दिवा बॅटरी खराब झाल्याचं सांगतच नाही. चित्र बॅटरीचं असलं तरी निरोप अल्टरनेटरचा असतो : मी भरत नाहीये, तू साठ्यावर चालला आहेस, साठा संपेपर्यंतच चालशील.

विळद घाटाच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडले. मग गाणं बंद झालं. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. मनमाड रस्ता कसा आहे हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला खचलेली कड, मागून येणारी अवजड वाहनं, आणि मध्ये माझी गाडी. चारही इंडिकेटर मेलेले, मागचा लाल दिवा मेलेला, पूर्ण काळोख. मागून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला. त्या ड्रायव्हरनं ब्रेक वेळेवर मारला म्हणून हा मजकूर तुमच्या हातात आहे. तो खाली उतरला, मोबाइलचा टॉर्च लावून मागे उभा राहिला, आणि तिथं जमलेल्या आम्ही चौघांनी गाडी ढकलून कडेला घेतली.

एक जण म्हणाला, दुसरा गिअर टाका, धक्का मारतो. हाही गैरसमज इथंच मोडतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्या धक्क्यावर चालू व्हायच्या. आजच्या गाडीत पेट्रोल टाकीतून वर ओढणारा पंप विजेवर, ते किती सोडायचं हे ठरवणारा छोटा संगणक विजेवर, ठिणगी विजेवर. बॅटरीत थोडा जीव असेल तर धक्का कामाला येतो. ती पूर्ण उतरली असेल तर गावभर ढकलत नेली तरी इंजिन बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी केडगावला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ओढून नेली. वय साठीच्या पुढं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, टेबलावर एक जुना पिवळा मल्टिमीटर. दुसऱ्या बॅटरीवर त्यांनी गाडी चालू केली, मीटरची लाल सुई धन टर्मिनलवर टेकवली, काळी ऋण टर्मिनलवर. 12.1. जरा रेस करायला सांगितली. 12.1. हेडलाइट लावायला सांगितले. 11.9.

"साहेब, बॅटरी नवी हाये, पन तिला खायला कोन घालतंय?"

त्यांनी अल्टरनेटर उतरवला. मागचं झाकण उघडल्यावर आतून काळी भुकटी सांडली. कार्बनचे दोन तुकडे काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि शेजारी नवा जोड ठेवला. नवा कार्बन करंगळीच्या पेराहून जरा आखूड. माझा झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढा राहिलेला. मागची स्प्रिंग जेवढी ताणता येईल तेवढी ताणलेली, तरी कार्बन तांब्याच्या कड्याला जेमतेम टेकत होता. टेकला की चार्जिंग सुरू, सुटला की बंद. खड्ड्यात गाडी आदळली की तो टेकायचा आणि सुटायचा, म्हणून तो लाल दिवा तसा लागायचा आणि विझायचा. दोन दिवस गाडी हे सांगत होती.

कार्बनचा जोड आणि मजुरी मिळून 700 रुपये. गाडी चालू करून पुन्हा सुया टेकवल्या : 14.2. हेडलाइट आणि पंखा लावून : 14.0. काम झालं.

माझी पहिली बॅटरी बहुधा चांगलीच होती. रात्रभर हळूहळू चार्ज केली असती तर अजून दीड-दोन वर्षं चालली असती. ती उपाशी होती, आजारी नव्हती. मात्र ती शिशाच्या भावानं मोडीत गेली आणि तिच्या जागी आलेली नवीही तीन आठवड्यांत उपाशी पडली. शिशाच्या बॅटरीला उपास सोसत नाही. रिकामी पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी भरत नाही. म्हणजे बॅटरीचा दोष नसताना बॅटरी बदलली की दुसरी बॅटरीही नासते.

रांजणात पाणी नाही म्हणून रांजण बदलणारा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. आधी नळ बघतो, मोटर बघतो, मग विहिरीत डोकावतो. टँकरची वाट बघत ज्या जिल्ह्यानं उन्हाळे काढले त्याला साठा आणि पुरवठा यांतला फरक शिकवावा लागत नाही. बॅटरी हा साठा आहे, अल्टरनेटर हा पुरवठा. बॅटरीचं मुख्य काम सेल मारण्यापुरतं, दोन-तीन सेकंदांचं. इंजिन चालू झालं की गाडीतली सगळी वीज अल्टरनेटरनं पुरवायची आणि बॅटरीतून गेलेलीही भरून द्यायची. पट्ट्यावर फिरणारा रोटर, कार्बनमधून त्याला मिळणारा थोडासा करंट, त्यातून तयार होणारं चुंबक, भोवतीच्या तीन गुंडाळ्यांत उठणारी उलटसुलट वीज, तिला सरळ करणारे डायोड, आणि दाब 14 व्होल्टच्या आसपास धरून ठेवणारा रेग्युलेटर. या साखळीतली एक कडी तुटली तरी बॅटरी रिकामी होते. आणि दंड बॅटरीला होतो.

साठ्याचा हिशोब कसा ठेवायचा याचं उदाहरणही जवळच आहे : हिवरे बाजार हे गाव नगर तालुक्यातलंच. पोपटराव पवार आणि तिथल्या गावकऱ्यांनी जे केलं त्याचा गाभा मोजणं हाच आहे. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडायचा, आणि मगच यंदा कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. उसासारख्या जास्त पाण्याच्या पिकांना मनाई, शेतीला बोअर नाही. देशभरातून माणसं हे बघायला येतात. त्याच तालुक्यात आपण गाडीच्या विजेचा साधा जमाखर्च मांडत नाही, ही मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे. तीन-चारशे रुपयांच्या मीटरवर हा ताळेबंद पाच मिनिटांत होतो. त्यासाठी ना कॉलेजात जावं लागतं, ना संगणक लागतो.

तीन आकडे. पहिला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा, सकाळी चावी न लावता. बॅटरीत सहा खण, प्रत्येक खण 2.1 व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे तळ लागला. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर आकडा फसवतो, वरवरचा फुगवटा असतो. घाई असेल तर मिनिटभर हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा.

दुसरा आकडा सेल मारतानाचा. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं मीटर बघायचा. भरलेली बॅटरी त्या क्षणी 10 च्या आसपास राहते. साडेनऊच्या खाली कोसळली तर ती थकलेली आहे. मात्र हे मोजण्याआधी ती भरलेली असली पाहिजे. अर्ध्या रिकाम्या बॅटरीची ही परीक्षा घेऊन तिला नापास करायचं हा अन्याय आहे, आणि शहरात रोज तोच होतो.

तिसरा आकडा चालू गाडीचा, हेडलाइट आणि पंखा लावून, थोडी रेस देऊन. 13.8 ते 14.5 असेल तर अल्टरनेटर कामावर आहे. 13 च्या खाली राहिला तर तो भरत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर सुटला आहे : बॅटरीचं पाणी सारखं कमी होईल, बल्ब उडत राहतील, बॉनेट उघडलं की सडक्या अंड्याचा वास येईल. नव्या गाड्यांचं एक वेगळं सांगायला हवं. 2020 पासूनच्या बीएस 6 गाड्यांपैकी अनेकींत चार्जिंगचा दाब गाडीचा संगणक ठरवतो आणि इंधन वाचवायला तो मुद्दाम कमीही करतो. तिथं एकदा 12.8 दिसला म्हणून घाबरायचं नाही. हेडलाइट लावा, थोडा वेळ बघा, आकडा वर चढतो का ते पाहा.

तिसरा आकडा कमी आला तरी लगेच अल्टरनेटर उतरवायचा नाही. आधी पट्टा. ढिला आहे का, चकाकायला लागलाय का, सकाळी किंवा पहिल्या पावसात किंचाळतो का. मग टर्मिनल. पांढरी-हिरवी पावडर धरली असेल तर कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना ब्रश. मग अर्थिंगची पट्टी. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाड्यांत हा दोष मी स्वतः दोनदा पाहिला आहे. बॉडीवर रंग मारला जातो आणि अर्थची तार त्या रंगावरच कसली जाते. रंगातून वीज जात नाही. गाडी चालू ठेवून हेडलाइट लावायचे, मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवायची. 0.2 व्होल्टच्या वर आकडा आला तर दोष तिथंच आहे, कानशीनं जागा घासा आणि पुन्हा कसा.

डायोड गेला असेल तर त्याचीही खूण आहे. मीटर एसी व्होल्टवर करून चालू गाडीत बॅटरीवर टेकवला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर डायोडची प्लेट तपासून घ्यायची. आणि सकाळी थंड इंजिनवर अल्टरनेटरला हात लावून बघा. सगळं गार आणि तो एकटा कोमट लागला तर रात्रभर बॅटरी त्याच्यातूनच झिरपली.

आता एक जुनी खोड. ती मोडलीच पाहिजे. गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीची एक तार उपसायची : बंद पडली तर डायनामो खराब, चालू राहिली तर डायनामो चांगला. रस्त्याकडेच्या कितीतरी गॅरेजांत आजही हीच तपासणी चालते. आपण अल्टरनेटरला अजून डायनामो म्हणतो, आणि ही तपासणीही त्या डायनामोच्या काळातलीच, जेव्हा गाडीत संगणक नावाची वस्तू नव्हती. आज बॅटरी धक्के झेलणाऱ्या गादीसारखं काम करते. ती एकदम काढली की अल्टरनेटरमधला भार क्षणात सुटतो आणि 12 व्होल्टच्या यंत्रणेत काही क्षण कितीतरी पट दाब उसळतो. डायोड जातात, रेग्युलेटर जातो, आणि गाडीचा संगणक गेला तर बिल बॅटरीच्या कितीतरी पट होतं. कुणी तुमच्या चालू गाडीच्या बॅटरीला पाना लावायला लागला तर त्याचा हात धरा.

ज्यांची तिन्ही मापं बरोबर येतात आणि तरी दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते, त्यांच्या गाडीत गळती आहे. रस्त्यावरचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा, बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर, डिकीतला न विझणारा दिवा. हिशोब करून बघा. बंद गाडीत 50 मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो, घड्याळ आणि लॉक त्यावर जिवंत राहतात. तोच खर्च अर्ध्या अँपिअरवर गेला तर दिवसाला 12 अँपिअर-तास गेले, आणि लहान गाडीची बॅटरी असते 35 ची. तिसऱ्या दिवशी खडखडाट. पुण्याला नोकरी आणि गाडी गावाकडच्या अंगणात, अशी कितीतरी घरं आहेत. त्यांनी तर हे तपासलंच पाहिजे. ऋण तार काढून मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये जोडायचा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं, आणि मग एकेक फ्यूज काढत आकडा कुठं पडतो ते बघायचं. मीटर असा जोडलेला असताना सेल मात्र मारायचा नाही.

विजेचा हाच जमाखर्च ट्रॅक्टरलाही लागू आहे. गाळपाच्या हंगामात मनमाड रस्त्यानं संध्याकाळी एकदा जाऊन या. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातला. इथल्या कारखान्यांचा ऊस ओढणाऱ्या आजच्या ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर असतात, वर रंगीत दिव्यांच्या माळा. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर साधारण 35-40 अँपिअरचा. त्यातले निम्मे-अधिक गाण्याला आणि माळांना गेले तर शेवटच्या ट्रॉलीच्या लाल दिव्याला काय उरणार? बहुतेक ट्रॉल्यांना तो दिवा नसतोच, असला तर मिणमिणता. गाण्यावर माझा राग नाही. सहा-सहा महिने घर सोडून राहणारी ती माणसं आहेत, रात्रभराच्या वाटेत त्यांना सोबत हवी. मला वाचवणाराही त्यांच्यातलाच होता. पण ट्रॅक्टरच्या विजेचा पहिला हक्क मागच्या ट्रॉलीच्या लाल दिव्याचा आहे आणि दुसरा हेडलाइटचा. उरेल त्यात गाणं वाजवावं. कारखान्यांनी गव्हाणीत ट्रॉली घेण्याआधी तो दिवा बघावा. काट्यावर ट्रॉली अशीही थांबतेच.

शिर्डीच्या टॅक्सीवाल्या दादांचं दुखणं वेगळं. भाविक दर्शनाला गेलेले, गाडी तासभर नुसती उभी, इंजिन चालू, एसी चालू, कारण आत म्हातारी माणसं बसलेली. जागेवर चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर आपल्या पूर्ण ताकदीनं वीज देत नाही. एसीचा पंखा, रेडिएटरचा पंखा, चार मोबाइल आणि दिवे यांचा खर्च त्याच्या वर गेला की फरक बॅटरीतून जातो. मे महिन्यात वरून चाळीसच्या पुढचं ऊन आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. बॅटरीच्या जाणत्यांचा जुना अंदाज आहे की तापमान 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. नगरची थंडी राज्यात नाव काढणारी, त्यामुळे बॅटऱ्या उठायच्या बंद होतात डिसेंबर-जानेवारीत आणि सगळे थंडीला बोल लावतात. बॅटरी मेलेली असते उन्हाळ्यातच. थंडीत फक्त कळतं. म्हणून दिवाळीच्या आधी एकदा मोजून घ्यावं.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हा जिल्हा या विद्येला परका नाही. लूना 1972 मध्ये याच शहरात कायनेटिकच्या कारखान्यात जन्मली. ती पहिली लूना मॅग्नेटोवर चालायची, तिला बॅटरीचं दुखणंच नव्हतं. पायडल मारा आणि निघा. आता 2024 पासून तीच लूना विजेवर आली आहे, आणि तिच्यात बॅटरी हाच सगळा जीव. नागापूरच्या एमआयडीसीत एक्साइडचा बॅटरीचा कारखाना आहे, क्रॉम्प्टनचा मोटारींचा आहे, एल अँड टीनं उभा केलेला स्विचगिअरचा आहे. लष्कराच्या वाहनांची चाचणी करणारी डीआरडीओची व्हीआरडीई इथं आहे, रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे. व्होल्ट आणि अँपिअर ज्यांच्या बोटांवर आहेत अशी हजारो माणसं या शहरात रोज डबा घेऊन पाळीला जातात. आणि त्याच शहरात बॅटरी विकली जाते ती अंदाजानं.

मागणी एकच आहे. बॅटरीच्या प्रत्येक बिलावर तीन आकडे हातानं लिहिलेले असावेत : उभ्या गाडीचा, सेल मारतानाचा, चालू गाडीचा. जुनी बॅटरी का बदलली याचे तीन, आणि नवी बसवल्यावर पुन्हा तीन. नवा कायदा नको, नवं यंत्र नको, दुकानात मीटर आहेच. यात प्रामाणिक दुकानदाराचाही फायदा आहे. माझ्यासारखी बॅटरी तीन आठवड्यांनी उतरून परत आली तर भांडण होतं, वॉरंटीचं कार्ड नाचवलं जातं, आणि दोष बॅटरीचा की गाडीचा हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. बिलावर चालू गाडीचा आकडा 12.1 लिहिलेला असता तर त्याच दिवशी दुकानदार मला म्हणाला असता, साहेब, आधी अल्टरनेटर दाखवा. आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही आकडे लिहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ग्राहक आयोगापुढं जायची वेळ आलीच तर हातात तोंडी भांडण नको, ते आकडे हवेत.

परवा रविवारी समोरच्या इमारतीतला मुलगा आला. "काका, गाडी उठत नाहीये, बॅटरी गेली वाटतं. घेऊनच येतो नवी." मी मीटर घेऊन खाली उतरलो. उभ्या गाडीचा आकडा 11.7. माझ्या गाडीवरून तार जोडून त्याची चालू केली : 14.3, पट्टा घट्ट, टर्मिनल स्वच्छ. त्याला सांगितलं, आजची रात्र बॅटरी चार्जिंगला लाव, उद्या सकाळी परत बघू. सोमवारी सकाळी ती 12.5 वर उभी होती. त्यानं सेल मारला आणि आकडा थेट 7.8 वर आला. पुन्हा मारला, तेच. एक खण मेलेला होता. बॅटरीला पाच वर्षं झाली होती.

मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. नवी बॅटरी बसली. दुकानातल्या पोराला म्हटलं, बाळा, तीन आकडे लिही. त्यानं आधी मालकाकडे बघितलं. मालकानं मान हलवली. पोरानं मीटर काढला, चावी फिरवायला लावली, आणि बिलाच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं लिहिलं : 12.7, 10.6, 14.3.